कूलर

मेकोसाबागेत रविवारी रात्री साडेआठला
मन्नूचा फोन येतो. तिकडे टेक्सासात सकाळ,
चर्चचं पार्किंग आपल्या कस्तुरचंद पार्कएवढं.
आत वेदीच्या एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला झेंडा,
अन् मत कुणाला द्यायचं ते
पाळकसाहेब नाव न घेता सांगतात. टाळ्या पडतात.

लोक चांगले आहेत. सुनेच्या बाळंतपणात
पंधरा दिवस त्यांनीच डबे पोचवले.
एक म्हातारी तर अजून केलेबसाठी स्वेटर विणते.

"पप्पा, आपला छळ चाललाय इथं," मन्नू म्हणाला,
"देश हातचा जातोय. परत घ्यायचाय."

आपला.
मी शब्द जिभेवर फिरवून पाहिला.

दुपारीच आमची उपासना झाली,
रणभिसे सिस्टरच्या मागच्या खोलीत,
अकरा माणसं, त्यातली चार सत्तरीपुढची.
मागच्या महिन्यात कुणीतरी येऊन नावं लिहून नेली,
तेव्हापासून गीत सुरू झालं की
टाकीत पाणी असो नसो, कूलर फुल्लवर.
खसाच्या कोरड्या ताट्या खडखडतात,
शेजारच्याचा सूर शेजारच्याला लागत नाही.
देवाला कळत असेल, बाप्पा, कोण काय म्हणतंय.

विचारणार होतो, बाबू, तुझं नेमकं गेलं काय?
तेवढ्यात तो आत शिरला, मोबाइल गर्दीकडे वळवला,
अन् हजारभर गळ्यांतून माझ्या आईचं गीत,
त्यांच्या भाषेत,
दारं सताड उघडी टाकून.

मी उठलो.
सवयीनं कूलर लावला.