चौऱ्याऐंशी, पण कशाचे?

ट्रेव्हर सायक्सने क्लिक लावला: चौऱ्याऐंशी.
मी रूपक धरला. ती ती ना, धी ना, धी ना.
माझं एक आवर्तन होईतो
त्याची दोन उरकली,
आणि स्नेअरवर काठ्या ठेवून
तो बघत बसला, मीच उशिरा आल्यासारखं.

चौऱ्याऐंशी, हो. पण कशाचे?
त्याच्या कागदावर वर सात, खाली आठ.
क्लिकच्या एका ठोक्यात तो दोन मोजतो.
माझी मात्रा म्हणजे अख्खा ठोका.
आकडा एकच,
भांडण तरी अर्धा तास पुरलं.

हडर्सफील्ड. मेथडिस्ट चर्चमागचा हॉल.
मंगळवारी सात ते नऊ, बारा पौंड.
ओल्या कोटांचा वास, आणि चाट घेता येत नाही
इतकी गार पडलेली शाई.
ट्रेव्हरचा बाप इथल्या गिरणीत माग दुरुस्त करायचा;
अशा माणसाला इथं ट्यूनर म्हणत.
माझे आबा इचलकरंजीत जॉबर.
कानानंच सांगायचे:
हा एकशे चाळीसवर आहे, शेजारचा ढिला.
मधेच कधीतरी
दोन्ही मागांचे धोटे एकदम आदळत
आणि आबा काडी ओढता ओढता थांबत.
का, ते मी विचारलं नाही.

भांडण संपलं तेव्हा क्लिक चालूच होता.
आणि भिंतीवरचं घड्याळ,
स्वस्तातलं, सेकंदासेकंदाला खुटखुटणारं.
ट्रेव्हरने बोट वर केलं.
क्लिक थांबवला, घड्याळाच्या ठोक्यावर नेमका पुन्हा सोडला.
क्लिकचे सात. घड्याळाचे पाच.
बरोबर पाच सेकंदांनी भेट.
पुन्हा सात. पुन्हा पाच. पुन्हा भेट.
आम्ही भाडं भरायच्या कितीतरी आधीपासून
हे घड्याळ
कुणा सातवाल्याची वाट बघत
पाच मोजत बसलं होतं.

मी त्याला म्हटलं,
जिथं भेटतात ना, तिथंच आमची सम.
आणि रूपकात समेवरच खाली असते.
तिथं डग्गा गप्प.
"मग पोचलीस हे कळतं कशावरून?"

मी हात उचलला, डग्ग्यावर आणला नाही.
तो ऐकत राहिला.
एक आवर्तन. दोन.
तिसऱ्याला त्याने पायातला बेस ड्रम
अलगद गाळला.

मिसेस ओल्ड्रॉइड दारात आल्या, नऊला पाच कमी.
त्यांच्या किल्ल्या चारात तीन वाजत होत्या
की मला तसं वाटलं;
मोजायला गेले नाही.