दोन्ही बाजूंनी धरावी अशी पत्रिका

आखाड लागला की माझं दुकान सुनं.
काचेखाली गणपतीचे एकशे बारा नमुने
नुसते रस्त्याकडं बघत बसतात.
अशा दुपारी केरबा लोंढे आला, नवजीवन ब्रास बँडवाला,
आणि त्याच्या मागं, दहा पावलं राखून,
आझाद बँडचे जब्बार मास्टर.

सेलूत कुणालाही विचारा.
रेल्वे फाटकापाशी समोरासमोर आलेल्या दोन वराती,
फाटक पडलेलं, मालगाडी संपता संपेना,
आणि एकमेकांचा आवाज बुडवायला
दोन्ही बँडांनी फाटेस्तोवर फुंकलेल्या छात्या.
अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून एका टपरीवर चहा नाही.

"पत्रिका काढायची," केरबा म्हणाला.
"लग्न कुणाचं?"
"कुणाचंच नाही."
मास्टर म्हणाले, "लोगां बैठ के सुनना. बस, एक बार.
घोडा नको, नवरदेव नको."

केरबाकडं ढोल, ताशे, झगमग गाडी, तरणी पोरं.
मास्टरांकडं क्लॅरिनेट, आणि पेटीत पडलेलं एक युफोनियम
जे वाजवता येणारा गावातला एकुलता माणूस
केरबाकडं झांजा कुटायलाय.
(सुरवात इथूनच झाली असणार.
मला कुणी सांगितलं नाही, मी आपलं जोडलं.)

जागा ठरली, मोंढ्यामागची जिनिंग,
सध्या बंद, भाडं नाही, झाडून घ्यायची.
अडलं कुठं, तर वर नाव कुणाचं.
तीन दिवस तिथंच अडलं.
चौथ्या रात्री मी कागद असा लावला:
इकडून धरा, नवजीवन वर.
उलटा धरा, आझाद वर.
तारीख दोनदा छापली, रविवार सहा वाजता,
एकदा सरळ, एकदा डोक्यावर उभी.

केरबानं वाचली, घडी केली, खिशात घातली.
मास्टरांनी चष्मा पुसला, कागद फिरवला, परत फिरवला,
म्हणाले, "लेकरू हुशार आहे."
मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

पैसा नव्हताच. मग ज्याच्याकडं जे आहे ते.
गोविंद जारवाल्याकडं तीनशे घरं,
प्रत्येक जारच्या गळ्यात पत्रिका, रबर बँड लावून.
("बँडला बँड," केरबा म्हणाला.
आधी कुणीच हसलं नाही.)
गादीवाल्या मैनोद्दीनचा ऑटो गल्लोगल्ली फिरतो,
त्याच्या भोंग्यात माझ्या पोरीचा आवाज घुसवला:
जुन्या गाद्या नव्या करून मिळतील,
रविवारी सहाला बसून बँड ऐका,
कापूस पिंजून मिळेल.
लोक विचारायला लागले, गादीवर बसायचं का?
मैनोद्दीन म्हणाला, आणतो की.

पिको-फॉलवाल्या रुखसाना आपा
साडीच्या घडीत एकेक पत्रिका ठेवायला तयार झाल्या.
"बदले में?" मास्टरांनी विचारलं.
"मेरी बारात में बैंड नै आया था," आपा म्हणाल्या,
दोरा दातांनी तोडत. "अॅडवांस ले के नै आया.
वो उधार है."
मास्टर बराच वेळ मशीनच्या चाकाकडं बघत राहिले.

रविवार.
पुढच्या चार रांगा खरंच गाद्यांच्या.
एकशे एक्केचाळीस माणसं, मी दोनदा मोजली.
काही जण उलटी पत्रिका घेऊन आलेले,
काही सरळ, म्हणजे तुम्ही कुठून बघता त्यावर.
आपा चपला मांडीवर घेऊन पहिल्या गादीच्या काठावर.

वाजवणारे खुर्च्यांवर बसले
आणि पाय कुठं ठेवावेत कळेना.
जन्मभर चालत वाजवलेलं.
युफोनियमवाल्याची टाच बसल्या जागी सरकायली,
एक पाऊल, थांब, एक पाऊल,
कुणाला तरी मांडवापर्यंत पोचवायचं असल्यासारखी.

मास्टरांनी क्लॅरिनेट ओठांना लावली,
केरबाकडं पाहिलं.
केरबाचं टिपरू वर गेलं
आणि तिकडं फाटक पडल्याची घंटा झाली.
टिपरू तसंच वर.
पत्र्याला लटकलेले कापसाचे तंतू थरथरले.

मालगाडी जाऊ देतायत दोघं,
डबे मोजत,
ओठांतल्या ओठांत.