तेविसावा पुठ्ठा

रेवणसिद्धचा प्रोग्राम तिसऱ्यांदा आडवा पडला.
अक्कलकोट रोडवरचं आमचं कॉलेज, दुपारचे तीन,
पंखा फिरतो म्हणण्यापुरता,
आणि फळ्यावर कालपासून तोच प्रश्न :
साखळीतला तेविसावा काढून दाखवा.

मॅडम, मी बरोबर तेविसाव्यापाशी जातो,
त्याला धरतो,
आणि मग काहीच करता येत नाही.

तिथंच चुकतं, मी म्हटलं.
ज्याला काढायचं त्याच्यापाशी थांबायचं नाही.
बाविसाव्यापाशी थांबायचं.
बोलून गेले, आणि कळलं, हे वाक्य माझं नाही.

अशोक चौकाच्या मागे चोवीस मागांचा कारखाना.
तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचायची.
मागाच्या डोक्यावर जेकार्ड,
त्यावरून उतरणारी पुठ्ठ्यांची माळ,
भोकं पाडलेले, दोऱ्यानं शिवलेले पुठ्ठे,
प्रत्येकाला ठाऊक फक्त पुढचा.
पुठ्ठ्यागणिक एक आडवा धागा,
असा चादरीवर मोर उगवायचा.

एकदा मोराच्या मानेला आवाळू आलं.
पंचिंगवाल्यानं एकच पुठ्ठा दोनदा पाडलेला.
नायनांनी माळ फरशीवर पसरली
आणि लाल रंग फासलेल्या पहिल्यापासून मोजत बसले,
ओकटी, रेंडू, मूडू...
मधेच उडी मारता येत नाही गं, म्हणाले,
तेविसाव्याचं घर बाविसाव्यालाच माहीत.

मी आठ वर्षांची, कात्री घेऊन उभी.
त्यांनी आधी सुई मागितली.
बाविसाव्याचा दोरा चोविसाव्यात ओवला,
गाठ मारली, ओढून पाहिली,
मगच कापलं.
आधी कापलं असतं, तर पुढचे दोनशे कुणाचेच नाहीत.

आणि पहिलाच काढायचा असला तर?
लाल रंग दुसऱ्याला लावायचा.
शेवटचा?
शेवटचा नसतोच. तो पहिल्याला शिवलेला असतो,
म्हणून तर मोर संपत नाही.

माझ्या पुस्तकात शेवटच्यापुढे काही नसतं.
ते काही नसणंसुद्धा लिहून ठेवावं लागतं.

काढलेला पुठ्ठा मला खेळायला मिळाला.
उन्हात धरला की भिंतीवर ठिपक्यांची रांग.
त्याच्या पुढच्या कडेला दोन दोरे लोंबत होते.
पुढचा कोण, हे त्याला अजून माहीत होतं.
त्याच्याकडे येणारा दोरा तेवढा उरला नव्हता.

मस्टरवर नायनांचा नंबर सतरा.
नवे माग आले त्या महिन्यात
अठरावरचा हणमंतू सतरावर आला.
कुणी काही खोडलं नाही, नवं मस्टर लिहिलं.
फट राहिली नाही. चांगल्या यादीत राहत नाही.

नायना अजून पावणेसातला चपला घालून उभे राहतात.
आई डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरते, बोलत नाही.
दहाला गॅलरीत बसून ते डबा उघडतात,
झाकण आधी डावीकडे सरकवतात,
तिथं बसायचा त्याच्यासाठी.

तर रेवणसिद्ध. तो बावीसवर थांबला,
यादी छापली,
तेविसावा जागेवर, आणि चोविसावा गेलेला.
पोरं हसली.
यंत्र शून्यापासून मोजतं बाबा, मी म्हटलं,
आमचे नायना एकपासून मोजायचे.

एकवीस केलं. चाललं.
बाविसाव्यापुढे चोविसावा, सरळ, आवाळू नाही.

पण तो उठला नाही.
मॅडम, हा काढलेला अजून आहे इथं.
असणारच. त्याची जागा परत द्यायची असते, एका ओळीचं काम.
याच्या आत पुढच्याचा पत्ता पण आहे अजून.
हो.
मग देऊ परत?

घंटा झाली. खुर्च्या सरकल्या.
खिडकीबाहेर कुठल्यातरी शेडमधे माग सुरूच होते,
खटक खटक, मोजायला बसलं तर हाती न लागणारे.

थांब जरा, मी म्हटलं.