अनुज्ञेय नाही

तीन दरपत्रकं मागवायची, त्यातलं खालचं घ्यायचं.
गाडी पदाला शोभेल इतकीच, एक इंचही लांब नको.
वातानुकूलन वेतनश्रेणी पाहून.
पनवेलचं ऊन श्रेणी बघत नाही,
पण उन्हाला आमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

ऐंशी किलोमीटर, आठ तास. त्यापुढे सोळा रुपये दराने.
टोलच्या पावत्या मूळ प्रतीत. शाई उडाली असेल
तर आधीच झेरॉक्स काढून ठेवायची होती,
हे आजवर किती जणांना ऐकवलं, देवाला ठाऊक.

चौथ्या मजल्यावर माझं टेबल. खिडकीतून समुद्र दिसतो
असं घरी सांगून ठेवलंय. दिसते ती कपाटाची पाठ
आणि तिच्यावर चिकटवलेलं, २००९ सालचं कॅलेंडर.
एकोणतीस वर्षं मी लोकांचे प्रवास वाचतोय
दोन आकड्यांची वजाबाकी करून.
गाडी कुठून निघाली, कुठे टेकली.
मधलं कोण सांगतं?

मंगळवारचं देयक श्रीमती आडारकरांचं.
अवर सचिव. पनवेलला भूसंपादनाची सुनावणी.
जाऊन येऊन शंभर. हे मी
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
चिठ्ठीवर एकशे अकरा.

पेन्सिल आपोआप उठली.
अकरा किलोमीटर म्हणजे कुणाची तरी मावशी असते,
सायनला डॉक्टर, नाहीतर दादरला साडी.
कारणाच्या रकान्यात लिहितात : वाहतूक कोंडी.
मुंबईत हे कारण कोण नाकारणार?
लेखापरीक्षकही नाही, तो स्वतःच उशिरा आलेला असतो.

चिठ्ठी चालकाने भरलेली. मकबूल परकार.
अक्षर असं, की गाडी रेषेत लावून हँडब्रेक ओढलाय.
'वांद्रे, शासकीय वसाहत. पाडलेल्या इमारतीसमोर.
थांबा बावीस मिनिटे. मॅडम उतरल्या नाहीत.
कारण : विचारले नाही.'

निमकर म्हणाला, परत पाठव, खुलासा माग.
मी आक्षेपाचा छापील कागद काढला,
'सदर थांब्याचे प्रयोजन' इथवर लिहिलं
आणि पेन तिथेच राहिलं.
माणूस काच वर करून
विटांच्या ढिगाकडे बावीस मिनिटं बघतो,
त्याला कुठला परिच्छेद लावू?

कागद उलटला तेव्हा मागे टाचलेलं पाकीट.
आत एकशे शहात्तर रुपये. वरच्या सहाची नाणी
वेगळी, पुडीत बांधलेली, देवळात देतात तशी.
सोबत चतकोर कागद, हिरवी शाई :
'अकरा कि.मी. खाजगी.'
सही. तारीख. बाकी काही नाही.

खाजगी.
एवढा लहान शब्द त्या रकान्यात मावतो,
हे मला माहीतच नव्हतं.

चलन भरलं. कोणत्या शीर्षाखाली जमा करायचं
यावर निमकरशी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद.
शेवटी 'इतर'.

शुक्रवारी परकार आला, ठेकेदाराचं पत्र न्यायला.
उभाच राहिला. खुर्ची दिली तरी उभा.
म्हणाला, साहेब, एक विचारू?
सकाळी मानखुर्दहून गाडी मंत्रालयाला रिकामी येते,
रात्री रिकामी जाते. ते कोण भरतं?

मी परिपत्रक उघडलं. उगाचच. पाठ आहे ते.
अनुज्ञेय नाही, म्हटलं.
गाडी रिकामी असते तेव्हा तिच्यात सरकार नसतं.
तो हसला, वाईट वाटून न घेता.
आमच्यात त्याला मेलेले किलोमीटर म्हणतात, साहेब.
रोजचे चव्वेचाळीस.

मी मनातल्या मनात गुणाकार केला
आणि उत्तर कुठेच लिहिलं नाही.

तो दारापाशी गेल्यावर राहवेना.
परकार, त्या दिवशी वांद्र्याला मॅडम काही बोलल्या?

त्याने आधी कपाटाकडे पाहिलं, मग त्या जुन्या कॅलेंडरकडे.
लिहिलंय ना चिठ्ठीत, म्हणाला,
आणि पत्र घडी करून, खिशात घालून,
खाली रिकाम्या गाडीकडे गेला.