सातवा रकाना

सुर्ल्याच्या वाटेला दोन्ही अंगांना तेरडा.
गटाराच्या काठाला, बंद रेशन दुकानाच्या पायरीला,
बसथांब्याच्या गंजक्या पत्र्याखाली,
कुणी न पेरलेला.
चवथीला पोरी ओंजळभर खुडतात,
उरलेला उभा असतो बोंडांत दारू ठासून.
बोट लागलं की फट्‌.

त्याच्यासमोर मी लिहिते: विपुल.

दुसऱ्यासाठी कड्याला उतरावं लागतं.
जनी वरक पुढे, कमरेला कोयता.
'पाय तिरका टाक गे, शेवाळाला लाज नसते.'
ओल्या कातळावर एकेक पान,
थुंकी लावून तिकीट चिकटवावं तसं,
पानाच्या बगलेतून सुईएवढा देठ
आणि गुलाबी.
वाटेवरचा गुलाबी नव्हे, त्याहून थंड.
मागची शेपटीही लांब, बाकदार.

घराणं एकच.
बोंडही तसंच तडकतं,
फक्त या बियांच्या खाली माती नाही,
हवा आहे, आणि खूप खाली
धबधब्याचा आवाज.

मी मोजले एकतीस.
जनी म्हणाली चौतीस,
तिने पाण्याच्या पडद्यामागचे तीन धरले होते.
मला ते दिसले नाहीत.
मी चौतीस लिहिले.

सातवा रकाना: स्थिती.
'संकटग्रस्त' लिहायला मागची मोजणी लागते,
ती कुणी केलेली नाही.
'सुरक्षित' लिहायलाही तीच लागते.
मग उरतं 'माहिती अपुरी',
म्हणजे गेला तरी कागद तोच,
राहिला तरी तोच.

'नाव काय गे याचं?'
'याला कोण नाव देतंय?
माटोळीला लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत.'
मग कोयत्याच्या टोकाने कातळ दाखवत:
'हा सुकायला लागला
की पंधरा दिवसांत झर आटते.
मग आम्ही हंडे काढतो.
औंदा गणपती बोळवायच्या आधीच
कडेचे पिवळे पडलेत, बघ.'

तेरड्याचा रंग तीन दिवस.
म्हणसुद्धा त्याचीच झाली
जो दर साली दारात परत येतो.
कड्यावरच्याचे दिवस
कुठल्या म्हणीने मोजलेत?

वर आलो तर सलवारीला
वाटेवरच्याच्या बिया चिकटलेल्या, पाच-सहा.
झटकल्या. जिथे पडल्या तिथे उगवतील.

कचेरीत शाईच चालते.
सातव्या रकान्यात शाईने 'माहिती अपुरी',
आणि बाजूच्या कोऱ्या पट्टीत
शिसपेनने, बारीक:
जनी वरकला विचारा.