ठाव

दोन साहेब आले. एक स्टॉकहोमचा, एक पीटर्सबर्गचा.
आपसात फ्रेंच बोलायचे.
ज्या बादशहापायी राजानं आम्हांला घालवलं
त्याच्याच भाषेत आम्हांला वाटून घेत होते.

दोरी माझ्या हातात. टोकाला शिशाचा गोळा.
मी पंधरा वर्षांचा. मजुरी अर्धी राजाच्या तांब्यात,
अर्धी झारच्या,
कारण उद्या कुठलं नाणं चालेल
ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

तहात लिहिलं होतं : जिथं नदी सर्वांत खोल, तिथं सरहद्द.
काठी मारून पाणी तुटत नाही म्हणतात.
आम्ही काठी मारलीच नाही.
ठाव घेतला.

तीन दिवस टोर्नियोनं ठाव दिला नाही.
वाळू सरकायची, सकाळचे आकडे दुपारी खोटे,
डासांनी साहेबांचे कान सुजले.
मग कुणीतरी वाल्पुरीला हाक मारली,
होडीवालीला.

तिनं बोट दाखवलं नाही. वल्हं लांबवलं
गवताच्या बेटाखाली, जिथं पाणी
झोपल्यासारखं दिसतं.
"कशावरून?" साहेबानं विचारलं.
"इस्को इथंच गेला. सात वाव दोर सोडला
तरी गळाला त्याची टोपीसुद्धा लागली नाही."
मी भाषांतर केलं :
"तिला माहीत आहे."

सात वाव, वर वीतभर.
दोघांनी सह्या केल्या. शाई वाळायला
वाळू भुरभुरवली, नदीतलीच.

चर्च पलीकडं राहिलं, आमचे पुरलेले आजे पलीकडं,
गवताचं बेट अलीकडं आणि गवत खाणाऱ्या गाई
निम्म्या पलीकडं.
आम्ही ओंडक्यांचं नवं चर्च उभारलं.
पहिल्या रविवारी पाद्रीबाबा राज्यकर्त्याच्या प्रार्थनेपाशी आले.
राजा आणि सम्राट, दोन्ही शब्द
आमच्या फिनिशमध्ये 'क'नंच सुरू होतात;
तेवढ्या 'क'वर ते बराच वेळ उभे राहिले.
पलीकडून तेच स्तोत्र ऐकू येत होतं,
अर्धी मात्रा मागं.

वाल्पुरी होडी चालवत राहिली, आता परवाना दाखवून.
बेटाखाली आली की दोन्ही वल्ही पाण्याबाहेर धरायची,
होडी आपसूक पुढं जाईपर्यंत.

कोसॅक पहारेकऱ्याला वाटलं, सलामी.
खूश झाला. मला विचारलं,
"सम्राटाला ना?"

मी होडीत बसलो होतो.
वल्ह्यांवरून पाणी गळत होतं.
"दा," म्हणालो.
तेवढी रशियन एव्हाना सगळ्यांनाच येत होती.