बाजू

मतभेद बाजूला ठेवू या, असं मीच लिहिलं होतं,
जनमताच्या निकालाच्या रात्री,
ताल्कामधल्या माझ्या स्वयंपाकघरातून, किटली आचेवर ठेवून.
लिहिलं, आणि मग प्रश्न पडला:
बाजूला म्हणजे कुठे?
चिलीत बाजू दोनच.
दोन्हींवर आधीच कुणीतरी बसलेलं.

आमचा प्रोग्राम लहान. फुकट. कुणीही उघडून बघावा,
चूक दिसली तर दुरुस्त करावी.
समुद्रात बुडवलेली यंत्रं पाणी मोजतात,
पाणी अचानक ओसरलं तर किनाऱ्यावरचे भोंगे वाजतात.
पगार कुणालाच नाही.

ओस्वाल्दो रिफो, ताल्काउआनो, वय सहासष्ट,
नौदलातून निवृत्त. बापही नौदलात.
यानारा कायुपान, पुएर्तो सावेद्रा, वय सव्वीस.
तिच्या आजोबांना त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात घरातून नेलं,
अजून यायचे आहेत.
हे त्याला ठाऊक आहे.
त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे.
मला वाटलं होतं, भोंग्याच्या आवाजात हे ऐकू येणार नाही.

निकालानंतर अकरा दिवस दोघांमध्ये एवढंच बोलणं:
'ओळ दोनशे चौदा. इथे उणे हवं.'
'बरोबर. केलं.'
एक आडवी रेघ.
ती नसती तर ओसरणारा समुद्र
आमच्या हिशेबात भरतच राहिला असता
आणि भोंगे गप्प.
त्या 'केलं'कडे मी बराच वेळ बघत बसले.
ना नमस्कार, ना आभार. तरी केलं.

मग स्टेशनच्या नावाचं निघालं.
नकाशावर एका संताचं नाव.
यानाराने ते खोडून आजीच्या भाषेतलं लिहिलं,
त्या वाळूला आजी ज्या नावाने हाक मारते ते.
ओस्वाल्दो म्हणाला, राजकारण बाहेर ठेव.
ती म्हणाली, संत काय पोहत आला होता?
मी हसले. एकटीच होते म्हणून हसले.
आणि मग मी, दोघांच्या मधली, भित्री,
भौतिकशास्त्राची मास्तरीण,
दोन्ही नावं काढून लिहिलं: सात.
त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं,
माझ्याविरुद्ध.

जूनमध्ये पहाटे सव्वातीनला जमीन हलली.
ताल्कात कपाटातल्या बशा वाजल्या, बस.
स्क्रीनवर सात नंबर खाली, खाली,
उणे चाळीस, उणे नव्वद,
मग भोंगे.
मला ते ऐकू येत नाहीत, माझ्यापासून समुद्र दोन तासांवर.
मला दिसतात आकडे, आणि आकड्यांखाली
ओस्वाल्दोची ओळ, अर्धी अक्षरं चुकलेली:
'यानारा वर आहेस का'

चार मिनिटं काही नाही.
किटलीत पाणी भरलं. ओतून दिलं. पुन्हा भरलं.

'वर आहे. आजीला पाठीवर घेतलं. तुम्ही?'
'मीही वर. पायात एकच बूट आहे.'

टेकड्या वेगळ्या, मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर काळोख.
पण वर म्हणजे वर.
त्या शब्दाला त्या रात्री बाजू नव्हती.

पाणी गुडघाभर आलं.
मासळीची खोकी घेऊन गेलं, एक होडी रस्त्यात ठेवून गेलं.
नऊ वाजता ओस्वाल्दोने लिहिलं,
भोंगा चाळीस सेकंद उशिरा वाजला, सात नंबर तपासा.
त्याखाली यानारा: त्याला नाव आहे.
त्याखाली ओस्वाल्दो: हो. संताचं.

आज शुक्रवार. नावाचा वाद तसाच उघडा आहे,
मी हात लावत नाही.
चाळीसपैकी एकतीस सेकंद सापडले,
दोघांनी मिळून शोधले, रात्री जागून, एकमेकांवर खेकसत.
उरलेले नऊ
कुणाच्या ओळीत अडकलेत
ते अजून कळलेलं नाही.